टोक नसलेले पाते

१२ ऑगस्ट १९५८ रोजी अमेरिकेत खटक्याच्या चाकूविरुद्धचा कायदा मंजूर झाला. बटण दाबले की स्प्रिंगच्या जोरावर पाते बाहेर येते, तसला चाकू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्रीसाठी पाठवणे हा गुन्हा ठरला. अपवाद मोजके ठेवले. सैन्य आणि सैन्याला माल पुरवणारे कंत्राटदार यांना सूट होती, ती अपेक्षितच. आणखी एक सूट वाचताना मात्र थांबायला होते. ज्याला एकच हात आहे अशा माणसाने खटक्याचा चाकू जवळ बाळगला तर चालेल, पाते तेवढे तीन इंचांपेक्षा लांब नको.

महायुद्धात आणि कोरियाच्या युद्धात हात गमावून परतलेली माणसे तेव्हा तिथल्या गावोगावी होती. दोन हातांनी उघडायचा चाकू त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मला हे कलम फार महत्त्वाचे वाटते, कारण अपघाताच्या जागी पोचलेला वैद्यकीय मदतनीसही त्या घटकेला एकहातीच असतो. त्याचा दुसरा हात जखमीच्या मानेला आधार देत असतो, नाहीतर वाहत्या जखमेवर दाबून धरलेला असतो. उरलेल्या हाताने पट्टा, दोर किंवा कपडा कापायचा, आणि पात्याचे टोक जखमीला लागू द्यायचे नाही. एका हाताने उघडेल आणि कुणाला भोसकणार नाही असे पाते माणसाला कसे मिळाले, त्याचा हा मागोवा. हे दोन गुण वेगवेगळ्या ठिकाणी जन्मले, आणि त्यांतल्या एकाकडे कायदा कायम संशयाने बघत आला.

टोक आधी गेले, आणि ते समुद्रावर गेले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय खलाशाच्या चाकूचे पाते आज बघताना अर्धवट वाटते. धार सरळ रेषेत, पाठ शेवटाकडे वळून धारेला येऊन मिळालेली, पुढे अणकुचीदार असे काहीच नाही. या आकाराला शीपफुट म्हणतात. शिडाच्या जहाजावर त्याची गरज उघड होती. डेक सतत हलत असे, माणसे खेटून काम करत, आणि डोलकाठीवर चढलेल्या खलाशाच्या हातून चाकू निसटला तर खाली कुणीतरी असायचेच. शिवाय जाड दोर लाकडावर ठेवून पात्याच्या पाठीवर ठोकले की तो एका घावात तुटे, त्याला सरळ धारच लागते. ब्रिटिश सैन्याच्या घडीच्या चाकूत हाच आकार दोन्ही महायुद्धांत टिकून राहिला.

शल्यवैद्यांना हीच गरज फार नाजूक जागी भासली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई भगंदराने हैराण झाला होता. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्सायमध्ये शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स या शल्यवैद्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, आणि त्यासाठी एक वाकडी, अरुंद सुरी मुद्दाम करून घेतली. तिच्या टोकाला लांब बोथट शलाका होती. शलाका वाट काढत पुढे जाई, धार तिच्यामागून. राजा बरा झाला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतल्या वीस शस्त्रांमध्ये गोल टोकाचे मंडलाग्र आहे, आणि चाचपून मार्ग शोधणारी एषणीही आहे. सुश्रुतापासून फेलिक्सपर्यंत सलग वंशावळ कुणी मांडू नये, ती जुळत नाही. पण शरीराजवळ धार न्यायची तर तिच्यापुढे काहीतरी बोथट चालले पाहिजे, हे दोन्हीकडच्या वैद्यांना आपापल्या अनुभवातून उमगले होते.

एकोणिसाव्या शतकात याच विचारातून आलेली कात्री जोसेफ लिस्टर यांच्या नावाने ओळखली जाते. तिची पाती मुठीशी कोन करून वाकलेली असतात, आणि खालच्या पात्याच्या शेवटी एक चपटी गुंडी असते. ही गुंडी बँडेज आणि कातडी यांच्या मधून सरकते, कातडीला न टोचता कापड उचलून धरते, आणि वरचे पाते ते कापत जाते. तालुक्याच्या रुग्णालयातल्या ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये आजही ती सापडेल. रुग्णवाहिकेतली मोठ्या प्लॅस्टिक मुठीची ट्रॉमा कात्री ही तिचीच लेक. गुंडीच्या जागी रुंद, बोथट ओठ आला आणि एका पात्याला बारीक दाते पडले, म्हणजे जीन्सचे जाड कापड किंवा ओले चामडे निसटत नाही. एवढाच बदल.

एका हाताने उघडण्याची गोष्ट मात्र आकाशातून आली.

१९३७ पासून जर्मन हवाई दलाच्या लोकांना आणि छत्रीधारी सैनिकांना एक वेगळा चाकू मिळू लागला. तो झोलिंगनमध्ये तयार होई. त्या गावात शतकानुशतके पाती घडवली जात होती. या चाकूला स्प्रिंग नव्हती. मूठ खाली धरून अंगठ्याने कळ दाबली की पाते स्वतःच्या वजनाने घसरून बाहेर येई, आणि कळ सोडली की तिथेच अडके. इतका खटाटोप कशासाठी, तर जर्मन छत्रीचा दोर सैनिकाच्या पाठीमागे एकाच ठिकाणी जोडलेला असे. उतरताना छत्री हाताने वळवता येत नसे, आणि जमिनीवर वारा असला तर छत्री माणसाला फरफटत नेई. एक हात पट्ट्यांत अडकला तर दुसऱ्या हाताने दोर तोडता आले पाहिजेत. चाकूच्या नावातच कापून मोकळे होण्याचा अर्थ होता.

अमेरिकनांनी याच अडचणीवर स्प्रिंगचा तोडगा काढला. त्यांच्या छत्रीधारी सैनिकाच्या १९४२ च्या उडीच्या कोटात गळ्याखाली एक छुपा कप्पा होता, आणि त्याला दोन बाजूंनी दोन चेन होत्या. चाकू त्या कप्प्यात राही, म्हणजे डावा हात अडको की उजवा, मोकळ्या हाताला तो सापडेल. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार रचना हा कप्पा वाटतो. पाते कितीही चांगले असले तरी नेमक्या वेळी हात तिथवर पोचला नाही तर ते नसल्यासारखेच. आजही रुग्णवाहिकेतल्या नव्या माणसाने चाकूची जात विचारण्याआधी तो नेमका कुठे अडकवायचा हे विचारावे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी आणलेल्या एमसी-वन या चाकूत दोन घराणी एकत्र आली. मूठ भडक नारिंगी, म्हणजे बर्फात, गवतात, पाण्यातही नजरेस पडावी. एका टोकाला बटणाने उघडणारे पाते, आणि दुसऱ्या टोकाला आकडीच्या आकाराचे छोटे पाते. आकडीची धार आतल्या बाजूला, बाहेरचा भाग बोथट. त्यामुळे आकडी उघडीच ठेवून चाकू खिशात ठेवता येई. छत्रीचा दोर आकडीत अडकवला आणि ओढला की तुटला, बटण दाबायचीही गरज नाही. टोक नसलेली धार आणि एकहाती वापर हे दोन्ही गुण त्या आकडीत होते, आणि तिला स्प्रिंग लागत नव्हती. आजच्या रुग्णवाहिकेतला पट्टा कापायचा आकडा हा तिचाच वंशज. पण हे लक्षात यायला बराच काळ गेला, कारण तोवर सगळ्यांचे डोळे बटणाकडे लागले होते.

युद्ध संपल्यावर खटक्याचा चाकू अमेरिकी शहरांतल्या तरुण टोळ्यांच्या हातात दिसू लागला. १९५० सालीच एका महिला मासिकाने त्याला जीवघेणे खेळणे ठरवले. १९५५ च्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’मध्ये, १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीतिकेत आणि त्याच वर्षीच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये तो आहे. मराठी प्रेक्षकाला त्यातला शेवटचा बासू चटर्जींच्या १९८६ च्या ‘एक रुका हुआ फैसला’मुळे परिचित आहे. खटक्याचा चाकू सवयीने वापरणारा माणूस वरून खाली वार करील की खालून वर, हा त्यातल्या वादाचा एक कळीचा मुद्दा आहे. अशा वातावरणात १९५८ चा कायदा झाला. दोर तोडण्यासाठी घडवलेली कळ आता फक्त खुनाची खूण उरली होती.

पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, तीन गोष्टी घडल्या. त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. ब्रिटनने खटक्याचे आणि वजनाने उघडणारे चाकू बनवणे-विकणे बंद केले. भारताच्या संसदेने शस्त्र अधिनियम केला. आणि स्वीडनमध्ये नील्स बोलीन या व्होल्वोच्या अभियंत्याने तयार केलेला तीन बिंदूंचा सीटबेल्ट विक्रीच्या गाड्यांत बसू लागला. पेटंट हाती असूनही व्होल्वोने तो इतर कंपन्यांना वापरू दिला. त्या पट्ट्याने अगणित माणसे वाचवली आहेत. मात्र चेपलेल्या गाडीत जखमी माणसाला धरून ठेवणारा, हाताने न तुटणारा पट्टाही तोच. म्हणजे एका हाताने कापण्याची गरज रस्त्यारस्त्यावर आली त्याच वर्षी एका हाताने उघडणारा चाकू कायद्याच्या काळ्या यादीत गेला.

तोवर रस्त्यावर मदतीला येणारी माणसे प्रशिक्षित नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ मध्ये काढलेल्या अहवालानुसार आदल्या वर्षी अपघातांत १,०७,००० माणसे दगावली होती, आणि देशातली सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवत होते. त्यांच्याकडे आडवे झोपवता येईल अशी गाडी होती, एवढेच. त्या अहवालानंतर पॅरामेडिक हा पेशा उभा राहिला, आणि त्याला हत्यार लागू लागले.

१९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या स्पायडेर्को या कंपनीने एक घडीचा चाकू आणला. त्याच्या पात्याला एक गोल भोक होते आणि मुठीला खिशाच्या काठाला अडकणारी क्लिप. भोकात अंगठा घालून ढकलले की पाते उघडे. ना स्प्रिंग, ना बटण, त्यामुळे १९५८ चा कायदा लागू नाही. पुढे याच कंपनीने दातेरी धारेचे, शीपफुट आकाराचे, खास बचावकार्यासाठी चाकू केले. खलाशाचे बिनटोकाचे पाते आणि छत्रीधारी सैनिकाचा एक हात शेवटी एका मुठीत आले. दातेरी धारेचे काम साधे आहे. सीटबेल्टचा पॉलिस्टर पट्टा गुळगुळीत धारेवरून घसरतो, दाते त्याचे धागे पकडून ठेवतात.

कायद्याला मात्र हा फरक सहजी कळला नाही. न्यूयॉर्कमध्ये पोलीस मनगटाचा झटका देऊन घडीचा चाकू उघडून बघत. उघडला की तो वजनाने उघडणारा चाकू ठरे, आणि खिशात कामाचा चाकू बाळगणारे सुतार, हमाल, गोदामातले कामगार पकडले जात. त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण फार मोठ्या प्रमाणात होते. तो कायदा २०१९ च्या मे महिन्यात रद्द झाला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने २००९ मध्येच दुरुस्ती करून मिटलेले राहण्याकडे कल असलेल्या आणि हाताच्या जोराने उघडणाऱ्या चाकूंना सूट दिली होती. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने घडीचा, तीन इंचांपर्यंतच्या धारेचा खिशातला चाकू निष्कारणही जवळ ठेवता येतो. पण पाते उघडल्यावर अडकत असेल तर ही सूट नाही, असे न्यायालयाने ठरवले. तिथल्या पॅरामेडिकला अडकणारा चाकू कामाच्या वेळी, कामासाठी ठेवता येतो. घरी जाताना तोच चाकू खिशात राहिला तर कारण द्यावे लागते. हा नियम मला पटत नाही. पाते अडकले नाही तर जोर लावताना ते मिटून आपलीच बोटे कापली जातात. सुरक्षिततेसाठी बसवलेला अडसर कायद्याने धोका मानला.

भारतात काय? आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रात मोडते. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत, म्हणून कोयता आणि विळी आपल्या घरात बिनधास्त आहेत. रुग्णवाहिकेतला चाकू या मापाच्या जवळही जात नाही. दिल्लीत मात्र १९८० च्या अधिसूचनेने खटक्याचे, गरारीदार, बटणदार आणि कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू पकडले, आणि माप ठेवले ७.६२ सेंटीमीटर लांबी व १.७२ सेंटीमीटर रुंदी. ७.६२ सेंटीमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. अमेरिकेतल्या एकहाती माणसाचे, ब्रिटिश खिशाचे आणि दिल्लीच्या रस्त्याचे माप एकच निघावे, याचे मला नवल वाटते. बचावाच्या कामाला तीन इंचांहून लांब पाते लागत नाही हेही तितकेच खरे. पट्टा जेमतेम दोन इंच रुंद असतो.

दिल्लीच्या अधिसूचनेमागे कोणता चाकू होता हे सांगायला नको. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा बटणदार चाकू हिंदी सिनेमाने घरोघरी पोचवला. त्याच्या उघडण्याच्या आवाजानेच पडद्यावर माणसे मागे सरत. आपल्याकडच्या पोलिसाच्या मनात एका हाताने उघडणारे पाते म्हणजे रामपुरी, हे समीकरण तिथून बसले आहे. त्याला दोष कसा द्यावा?

महाराष्ट्रात प्रश्न पात्याच्या लांबीचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, मोर्चा अशा निमित्ताने मनाई आदेश निघतात. त्यांत सोटे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला बंदी येते. हे आदेश वारंवार निघतात, आणि गर्दीच्या त्याच दिवसांत रुग्णवाहिकाही सर्वांत जास्त धावतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. टोकदार घडीचा चाकू वैयक्तिक खिशात ठेवू नये. धार रुग्णवाहिकेच्या किटमध्ये असावी, किटच्या यादीत तिची नोंद असावी, आणि ती अशा आकाराची असावी की बघणाऱ्याला तिचे काम लगेच कळावे. नारिंगी किंवा पिवळी मूठ इथे कायद्याचेही काम करते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. चालकाला तिथे पायलट म्हणतात. या गाड्या ज्या रस्त्यांवर धावतात तिथे परदेशी पुस्तकांतला सीटबेल्ट हा एकच शत्रू नसतो. दुचाकीच्या चाकात साडीचा पदर किंवा ओढणी गुंडाळून गळ्याला फास बसतो. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळलेला असतो. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनचा मांजा मानेवर असतो. या तिन्ही जागी पाते गळ्यापासून बोटभर अंतरावर चालवायचे असते, आणि तिथे टोकदार चाकू काढणे म्हणजे दुसऱ्या जखमेला आमंत्रण. ओढणी चाकात पिळली जाऊन ताठ झालेली असेल तर आकडा तिच्याखाली जातो आणि एका ओढीत तोडतो. मांजासाठी कात्रीच, तीही कातडीवरून ओठ सरकवत.

सीटबेल्टच्या बाबतीत आधी बक्कल दाबून बघावे. बहुतेक वेळा ते सुटते, आणि आकडा काढावाच लागत नाही. नाहीच सुटले तर पट्टा ताणून धरायचा, आकडा तिरका लावायचा आणि जखमीच्या अंगापासून दूर ओढायचा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागच्या सीटवर बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या पट्ट्याचा आग्रह वाढला, तो योग्यच आहे, आणि त्याबरोबर आकड्याचे कामही मागच्या सीटपर्यंत पोचले.

बाजारात आता एकाच हत्यारात सगळे कोंबण्याची चढाओढ आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या रेस्क्यू टूलमध्ये अंधारात चमकणारी पिवळी मूठ, पट्टा कापायचे पाते, काच फोडायचे टोक आणि पुढची काच कापायची करवत आहे. लेदरमनच्या रॅप्टरमध्ये घडी होणारी ट्रॉमा कात्री, आकडा, बोटातली अंगठी कापायचे पाते आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरची किल्ली आहे. दोन्ही उत्तम आहेत आणि महाग आहेत. रोजच्या कामाला मी साधी ट्रॉमा कात्री आणि वेगळा आकडा निवडीन. कात्री रक्ताने माखते. एकसंध कात्री धुऊन निर्जंतुक करता येते, घडीच्या सांध्यात अडकलेले रक्त निघता निघत नाही. बोथट झाली तर टाकून नवी घेता येते. काच फोडायचे टोक असेल तर ते बाजूच्या कडक काचेच्या कोपऱ्यावर वापरावे. समोरची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिक घालून केलेली असते, तिला टोक फक्त तडा पाडते. हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच येतात. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये सहा हत्यारे तपासली, तेव्हा चार हत्यारांनी कडक काच फोडली, थरांची काच एकानेही फोडली नाही. काचेच्या कोपऱ्यावरचा छापा आधी वाचायची सवय लावलेली बरी.

कात्री चालवताना कायदा पुन्हा एकदा भेटतो, आणि इथे तो जखमीच्या बाजूने असतो. भोसकलेल्या किंवा गोळी लागलेल्या माणसाचे कपडे कापताना शर्टाला पडलेल्या भोकातून कात्री कधीच न्यायची नाही. भोक तसेच ठेवून, त्याला वळसा घालून शिवणीच्या किंवा बाहीच्या रेषेने कापायचे. त्या भोकाच्या कडा पुढे न्यायालयात वार कुठून आणि कशाने झाला हे सांगतात. कापलेले कपडे झटकायचे नाहीत, एकत्र गुंडाळायचे नाहीत, शक्य तर वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घालून रुग्णालयात सोपवायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले रक्त कुजते आणि पुरावा जातो.